वाकड्या फळ्यांतून पलंग, टेबल आणि कपाट: आधी कापा, मग सरळ करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हाताशी वीसेक फळ्या आहेत, दोन ते अडीच मीटर लांब, इंचभर जाड, साधारण 150 मिमी रुंद. काही वाकल्यात, काहींना पीळ आहे, गाठी तर जवळपास सगळ्यांनाच. त्यातून एक पलंग, उशालगतचं छोटं टेबल आणि कपड्यांसाठी साधं कपाट करायचंय. तर आधी सगळ्या फळ्या सरळ करून घ्याव्यात का, आणि त्यासाठी रंध्याचं मशीन विकत घ्यावं का?

दोन्हीचं उत्तर नाही. अख्खी फळी सरळ करत बसणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक आहे, आणि ती मी सुरुवातीची कितीतरी वर्षं इमानेइतबारे केली. अडीच मीटरची फळी सपाट होईपर्यंत इंचाची अर्धा इंच उरायची. मग तिचेच मी पाऊण-पाऊण मीटरचे तुकडे पाडायचो. तेच तुकडे आधी पाडले असते तर जाडी जवळपास शाबूत राहिली असती, आणि एवढा भुसाही झाडावा लागला नसता.

यातलं गणित समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फळीचा कमानीसारखा बाक लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 2 मीटरची फळी जमिनीवर पालथी टाकली आणि मधोमध 16 मिमी फट दिसली, तर ती मधून कापल्यावर दोन्ही तुकड्यांत 4-4 मिमीचीच फट राहते. पुन्हा अर्धे केले की 1 मिमी. एवढी फट चार हात रंधा मारला की जाते. रुंदीत पन्हळ पडलेली असेल तर तोच हिशोब रुंदीला लागू होतो. समजा 200 मिमी रुंदीच्या फळीत 4 मिमी खोल पन्हळ आहे. ती तशीच दोन्ही बाजूंनी सपाट करायची तर 8 मिमी जाडी गेली. मधून उभी चिरली, तर 100 मिमीच्या प्रत्येक पट्टीत 1 मिमी पन्हळ उरते आणि सपाट करायला 2 मिमी पुरतात. नंतर त्या पट्ट्या कडेला कड लावून चिकटवल्या की रुंदी परत मिळाली.

पिळाची गोष्ट वेगळी. तो लांबीच्या सरळ प्रमाणात कमी होतो, म्हणजे अर्धी फळी, अर्धा पीळ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते सुतारकामात शब्दशः खरं आहे. म्हणून पिळाच्या फळ्यांतून सगळ्यात आखूड तुकडे काढायचे, हा माझा पहिला नियम. लांब तुकड्यासाठी पिळाची फळी कधीच घ्यायची नाही. क्लँपनं दाबून ती सरळ बसवता येईल असं वाटतं, आणि बसतेही. मी एकदा पलंगाची बाजूची पट्टी अशीच दाबून बसवली होती. क्लँप सोडले तेव्हा पलंग तीन पायांवर उभा होता आणि चौथा पाय हवेत.

तेव्हा करवत उचलण्याआधी कागद घ्या आणि तिन्ही वस्तूंच्या तुकड्यांची यादी करा, सर्वांत लांबपासून सर्वांत आखूडपर्यंत. यादी झाली की जीव भांड्यात पडेल. पलंगात खरोखर लांब असे तुकडे दोन बाजूंच्या पट्ट्या आणि मधला आधार एवढेच. बाजूच्या पट्ट्यांना जुने लोक गाते म्हणत, मीही तोच शब्द वापरतो. बाकी सगळं दीड मीटरच्या आत. टेबलाचा एकही तुकडा 60 सेंमीच्या पुढे जात नाही. कपाटाच्या उभ्या बाजू तेवढ्या लांब. म्हणजे वीस फळ्यांतल्या आठ-नऊच बऱ्यापैकी सरळ असल्या तरी तुमचं भागतं.

आता फळ्या निवडा. एकेक फळी उचलून टोकाशी डोळा लावा आणि लांबीच्या दिशेनं कडेवरून बघा. बाक लगेच दिसतो. पीळ बघायला दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि एका पट्टीवरून दुसरीकडे बघा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. खडूनं फळीवरच लिहा: बाक, पीळ, गाठ, तडा. आणि थप्प्या करताना प्रत्येक फळीबाबत एकच विचारायचं: हिच्यातला सगळ्यात लांब सरळ तुकडा केवढा? फळी चांगली की वाईट, हा प्रश्नच मनात आणायचा नाही.

पण थांबा, लाकूड वाळलेलं आहे का? हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते बाकापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. वाकडं वाळलेलं लाकूड परवडलं. सरळ पण ओलं लाकूड नंतर वाकतं, तेही सांधे जोडून झाल्यावर. लाकडातलं पाणी साधारण 28 ते 30 टक्क्यांच्या खाली गेलं की ते आकसायला लागतं. घरात वापरायच्या फर्निचरला बहुतेक ठिकाणी 8 ते 12 टक्के ओलावा योग्य. मीटर असेल तर उत्तम. नसेल तर फळीच्या टोकापासून निदान 30 सेंमी आत जाऊन एक छोटा तुकडा कापा, लगेच वजन करा, आणि ओव्हनमध्ये 103 अंश सेल्सिअसला वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. 96 ग्रॅमचा तुकडा 80 ग्रॅमवर थांबला, तर गेलेलं पाणी 16 ग्रॅम, भागिले कोरडं वजन 80, म्हणजे ओलावा 20 टक्के. अशा लाकडाला अजून हात लावू नका. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या बारीक पट्ट्या घालून थप्पी लावा, या पट्ट्या एकाखाली एक ओळीत येतील असं बघा, वर वजन ठेवा, टोकांना जाड रंग फासा. टोकातून पाणी अंगापेक्षा कितीतरी भरभर उडतं आणि तडे तिथूनच सुरू होतात. वारा खेळू द्या, ऊन नको. वाळून झाल्यावर ज्या खोलीत फर्निचर राहणार तिथेच फळ्या दोन-तीन आठवडे ठेवता आल्या तर सोन्याहून पिवळं.

फळी का वाकते, तेही इथंच सांगतो. लाकूड तिन्ही दिशांना सारखं आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, हजारात एखादा भाग. वर्षवलयांना काटकोनात, म्हणजे गाभ्यापासून सालीच्या दिशेनं, ओलं ते पूर्ण कोरडं होताना चारेक टक्के. आणि वलयांच्या कडेकडेनं त्याच्या दुप्पट, आठेक टक्के. जातीप्रमाणे आकडे बदलतात, पण एक-दोन हे प्रमाण बहुतेक लाकडांत दिसतं. फळीचं टोक बघा. वलयांच्या कमानी दिसतील. वाळताना त्या कमानी सरळ व्हायला बघतात, त्यामुळे सालीकडची बाजू पोकळ होते आणि गाभ्याकडची फुगते. हे एकदा डोळ्यांत बसलं की कोणती फळी पुढं कशी वागेल ते टोक बघूनच कळायला लागतं.

एखाद्या फळीच्या टोकाला वलयांचं बारीक केंद्र दिसत असेल, म्हणजे झाडाचा अगदी गाभा फळीतूनच गेलेला असेल, तर ती हमखास मधून तडकते. लोक अशी फळी फेकतात. मी शोधत असतो! केंद्राची तीन-चार सेंमीची पट्टी उभी चिरून बाजूला काढा. दोन्हीकडे जे उरतं त्यात वलयं फळीच्या पृष्ठाला जवळजवळ उभी असतात, आणि असं लाकूड सगळ्यात कमी वाकतं. तुमच्या थप्पीतलं हे सगळ्यात भरवशाचं लाकूड. ते कपाटाच्या दाराच्या चौकटीला राखून ठेवा.

गाठींची एवढी धास्ती घ्यायचं कारण नाही. घट्ट गाठ, जिच्याभोवतीचे तंतू तिला मिठी मारून आहेत, ती राहू द्या. भोवती काळी कड असलेली, अंगठ्यानं दाबली की हलणारी गाठ मेलेली असते. ती ठोकून काढा आणि भोक लाकडाच्या गट्टूनं किंवा इपॉक्सीनं भरा. महत्त्वाचं काय, तर गाठ कुठं येते. सांध्यात नको, कारण तिथं पटाशी बिचकते आणि धार तुटते. स्क्रू जिथं जायचा तिथं नको. आणि वजन पेलणाऱ्या पट्टीच्या मधल्या भागात खालच्या कडेला तर अजिबात नको. पट्टी लवते तेव्हा खालची कड ताणली जाते, वरची दाबली जाते. दाबाला गाठ बऱ्यापैकी टिकते, ताणाला तुटते. त्यामुळे कित्येकदा फळी नुसती उलटी केली तरी प्रश्न मिटतो.

टोकाचे तडे कापून टाका, पण दिसतो तेवढाच तडा कापून थांबू नका. टोकाकडून 2 सेंमीची चकती कापा आणि हातानं वाकवून बघा. ती केसाएवढ्या रेषेवर कट्‌कन मोडली, तर तडा अजून आत आहे. आणखी एक चकती. मोडायची थांबली की तिथून तुमचा तुकडा सुरू. मन घट्ट करावं लागतं खरं, पण पाच-सहा सेंमी वाचवायला जाऊन अख्खा पाय फुकट गेलेला मी पाहिलाय.

जुनं किंवा खोक्यांचं, पॅलेटचं लाकूड त्यात असेल तर तीन गोष्टी. पहिली, पॅलेटवरचा शिक्का वाचा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं. ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. झोपायच्या खोलीत ते आणू नका. रेल्वेचे जुने स्लीपर आणि औषध मारलेलं हिरवट लाकूडही नको. दुसरी, लपलेले खिळे. चांगला लोहचुंबक फळीवरून फिरवा, मगच करवत. तिसरी, बारीक गोल भोकं आणि त्याखाली ताजा पिठूळ भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. थोडीच लागण असेल तर तो भाग कापून जाळा आणि उरलेल्या कोऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी दोन-तीनदा भरपूर पाजा. पॉलिश चढल्यावर हे आत मुरत नाही, म्हणून आधीच करायचं. लागण जास्त असेल तर फळी घरात घेऊच नका, आधीच्या फर्निचरलाही ती पोचते. आणि जुन्या रंगाच्या फळ्या कोरड्या घासू नका, त्या रंगात शिसं असू शकतं.

आता पलंग. सगळे सांगतील, आधी छोटं टेबल करून हात बसवा. मी उलट सांगतो, पलंग आधी करा. टेबलाला 2 मिमीची चूक डोळ्यांत सलते. पलंगात 5 मिमीची चूक गादीखाली जाते आणि कुणालाच कळत नाही. शिवाय वाकडं लाकूड खपवायला पलंगासारखी जागा नाही.

हिशोब बघा. दुहेरी पलंगाला, म्हणजे साधारण 150 सेंमी रुंदीच्या, मधोमध लांबीत एक आधाराची पट्टी लागतेच. ती आहे म्हटल्यावर गादीखालच्या आडव्या पट्ट्या अख्ख्या रुंदीच्या कशाला हव्यात? बाजूच्या गात्यापासून मधल्या आधारापर्यंत, 72-73 सेंमीच्या दोन अर्ध्या पट्ट्या करा. 70 मिमी रुंदीची पट्टी आणि 60 मिमीची फट धरली, तर 190 सेंमी लांबीला पंधरा ओळी, म्हणजे तीस अर्ध्या पट्ट्या. 150 मिमी रुंदीच्या आणि निदान सव्वादोन मीटर लांबीच्या फळीतून उभ्या दोन आणि लांबीत तीन अशा सहा पट्ट्या निघतात. पाच फळ्यांत काम झालं. आणि या पाच फळ्या तुमच्या थप्पीतल्या सगळ्यात वाईट असाव्यात, पिळाच्या, बाकाच्या. 72 सेंमीच्या तुकड्यात पीळ जेमतेम उरतो, तोही स्क्रूनं बसतो. बाक उरलाच तर फुगवटा वर ठेवा. गादीच्या आणि माणसाच्या वजनानं तो सरळ होतो. खालून दिसणाऱ्या बाजूला रंधा मारायचीसुद्धा गरज नाही. जुन्या भारी पेट्या आणि कपाटं उलटी करून बघा, मागून आणि खालून रंध्याचे ओबडधोबड ओरखडे तसेच सोडलेले असतात. त्या सुतारांना कष्ट कुठं वाचवायचे ते माहीत होतं. फक्त वरच्या कडा सॅंडपेपरनं मोडून घ्या, नाहीतर गादीचं कापड फाटतं.

गात्यांसाठी मात्र तुमच्या सर्वांत चांगल्या फळ्या. 2 मीटरची पूर्ण सरळ फळी तुमच्याकडे कदाचित एकही नसेल. हरकत नाही. सारख्याच बाकाच्या दोन फळ्या घ्या, दोन्हींचा बाक एकमेकांविरुद्ध येईल अशा अंगाला अंग लावा आणि डिंकानं चिकटवा. दोघी एकमेकींना ओढून धरतात आणि तयार होणारं जाड गातं जवळजवळ सरळ निघतं. बाक 2 मीटरला 8-10 मिमीच्या आत असावा, त्याहून जास्त असेल तर डिंकाच्या रेषेवर कायमचा ताण राहतो. दर 15-20 सेंमीला क्लँप लागेल. एवढे क्लँप नसतील तर आतल्या बाजूनं स्क्रू मारा, ते दिसणार नाहीत. पिळाच्या फळ्यांवर हा प्रयोग करू नका.

फळी कडेनं तलवारीसारखी वाकलेली असेल तर फुगीर कड वर. एक गोष्ट इथं लक्षात ठेवण्यासारखी आहे: पट्टीची उंची दुप्पट केली की तिचा न लवण्याचा गुण आठपट होतो, जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. त्यामुळे कड सरळ करण्याच्या नादात गात्याची उंची 150 वरून 110 मिमीवर आणू नका. न लवण्याचा गुण निम्म्याहूनही खाली जातो. वरची कड थोडी कमानदार राहिली तर राहू दे. आडव्या पट्ट्या गात्याच्या कडेवर टेकतच नाहीत. त्या आतून चिकटवलेल्या सलग लाकडी पट्टीवर टेकतात, आणि ती पट्टी तुम्ही दोऱ्यानं आखून सरळ रेषेत बसवायची आहे. गातं वाकडं, रेषा सरळ.

पायांना जाड लाकूड लागतं आणि ते तुमच्याकडे नाही. आखूड तुकड्यांतून तीन थर चिकटवून पाय करा. वाईट बाजू, मोकळी गाठ, रंध्याला न लागलेला खड्डा, सगळं मधल्या थरात जाऊ द्या. थर रचताना टोकाची वलयं आलटून पालटून ठेवा. पायाची चारही अंगं काटकोनात आणण्याचा अट्टहास नको. गात्यांना जी दोन लगतची अंगं भिडतात, तेवढी गुण्यानं, म्हणजे सुताराच्या काटकोन्यानं, तपासून अचूक करा. उरलेली दोन डोळ्यांना बरी दिसली की पुरे. सगळी मापं त्या दोन अंगांवरूनच घ्या, उलट्या बाजूवरून एकदाही नको. पलंग वेडावाकडा होतो तो बहुतेक इथं.

उशाकडची आणि पायथ्याची आडवी पट्टी पायांत कुसू आणि भोक करून, म्हणजे पट्टीचं टोक बारीक करून पायातल्या भोकात घट्ट बसवून, डिंकानं कायमची जोडा. लाकडाच्या टोकात मारलेला स्क्रू तंतूंच्या मधून जातो आणि नीट धरत नाही, म्हणून नुसत्या स्क्रूवर पलंग उभा करू नका. गाती मात्र डिंकानं नको. ती लांब बोल्ट आणि आडव्या गोल नटानं जोडा, म्हणजे पलंग सुटा करून दारातून नेता येतो. माझा पहिला पलंग दारातून बाहेर निघाला नाही. तो किस्सा इथं सांगत नाही. मधल्या आधाराखाली निदान एक, खरं तर दोन पाय द्या. जोडताना चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले की चारही कोन काटकोनात.

सपाट करण्याबद्दल विचारलंत म्हणून, मशीन नसताना एक अंग कसं सपाट करायचं ते थोडक्यात. पन्हळीची पोकळ बाजू खाली ठेवा, फळी दोन कडांवर स्थिर बसते. पोकळीत पातळ पाचरी सारा, नाहीतर दाबाखाली ती लवते आणि रंधा उचलला की परत वर येते, मग तुम्ही दिवसभर रंधा मारत बसता. ब्लेडची धार किंचित गोलाकार केलेला रंधा घेऊन आधी तिरके हात मारा, उंचवटा जाईपर्यंत. मग लांबीत. पीळ असेल तर दोन उंच कोपरेच आधी तासा. मधूनमधून त्याच दोन सरळ पट्ट्या ठेवून बघायचं. एक अंग झालं की त्यावरून सगळीकडे सारखी जाडी आखा आणि दुसरं अंग त्या रेघेपर्यंत आणा. तुमच्या कामात असे अचूक तुकडे पंधरा-वीसच होतील, त्यासाठी मशीन घ्यायला नको. पैसे खर्च करायचेच असतील तर क्लँप घ्या, ते कधीच पुरत नाहीत.

तुकडे शेवटच्या मापाला एकदम आणू नका. 3-4 मिमी जास्त ठेवून कापा आणि आठवडाभर कडेवर उभे ठेवा. चिरल्यावर आतला ताण मोकळा होतो आणि सरळ तुकडासुद्धा थोडा हलतो. रंधलेली फळी टेबलावर आडवी टाकून रात्रभर सोडायची नाही. हवा एकाच बाजूला लागते आणि सकाळी पन्हळ तयार!

उभं चिरताना एक गंभीर इशारा. टेबलावरच्या गोल करवतीवर वाकडी किंवा पिळाची फळी उभी चिरू नका. खाली सपाट अंग आणि गाइडला सरळ कड नसेल तर फळी डुलते, पात्यात अडकते आणि उलटी तुमच्याकडे फेकली जाते. एखादी फळी चिरताना मागं मिटत जाते आणि पातं आवळते, तेव्हा मशीन बंद करून चिरेत पाचर घाला. वाकडं लाकूड हातकरवतीनं, जिगसॉनं किंवा बॅंडसॉवर चिरावं. वेळ लागतो, बोटं राहतात.

टेबलात नाजूक भाग वरचा फलाट. अरुंद पट्ट्या कडेला कड चिकटवून तो करा. 60 ते 80 मिमीच्या पट्ट्या पुरेशा आहेत, आणि पन्हळीच्या फळ्यांतून त्या आयत्याच निघतात. डिंक लावण्याआधी पट्ट्या कोरड्याच मांडून फिरवून-उलटवून बघा, गाठींची नक्षी कुठं बरी दिसते ते तिथं ठरतं. या कामाला घाई करू नये. आता आकसण्याचा हिशोब आठवा. वलयं आडवी असलेल्या 450 मिमी रुंद फलाटाचा ओलावा 4 टक्क्यांनी बदलला, आणि ऋतुबदलात तेवढा बदलतोच, तर रुंदी 5 मिमीनं कमी-जास्त होते. खालची चौकट लांबीच्या दिशेची, ती हलत नाही. फलाट चौकटीला डिंकानं किंवा घट्ट स्क्रूनं जखडला तर तो तडकणार, किंवा चौकट फाडणार. मधला एक स्क्रू घट्ट, बाकीच्यांना फलाटाच्या रुंदीच्या दिशेनं लांबट भोकं, स्क्रूखाली वायसर. एवढंच. टेबलाला खण करायचा मोह पहिल्या खेपेला टाळा. उघडा कप्पा ठेवा. खणाला अर्धा मिमी पीळही सोसत नाही.

कपाटाचं फार सांगत नाही, कारण त्यात हीच तत्त्वं पुन्हा येतात. दार एकसंध फळ्यांचं करू नका. अरुंद चौकट आणि तिच्या खाचेत सैल बसणारी पातळ फळी, खाचेत दोन्ही बाजूंना 2-3 मिमी जागा, डिंक फक्त चौकटीच्या सांध्यांना. फळी आत हवी तेवढी हलू दे, दार सपाट राहतं. कप्प्यांचा मधला गाळा 70 सेंमीच्या आत ठेवा. मागची बाजू प्लायवुडची करायला लाजू नका, तिनं अख्खं कपाट काटकोनात धरून राहतं. आणि उंच कपाट भिंतीला पट्टीनं अडकवा. घरात लहान मूल असेल तर हे आधी करा आणि मग कपडे भरा.

पॉलिशबद्दल माझं मत पक्कं आहे. असल्या लाकडावर चकचकीत पॉलिश नको. चमक प्रत्येक लाट आणि खड्डा दाखवते. मंद तेल किंवा मॅट पॉलिश करा, ते चुका पोटात घालतं. 80, 120, 180 नंबरच्या पेपरवर थांबा. रंग द्यायचा असेल तर चिकाच्या लाकडातल्या गाठींवर आधी लाखेचे दोन हात मारा, नाहीतर वर्षभरात त्या पिवळ्या डागांनी रंगातून बाहेर डोकावतात. टेबलाच्या फलाटाला वर आणि खाली, दोन्ही अंगांना सारखे थर द्या. खालची बाजू कोरी सोडली की ओलावा एकीकडूनच ये-जा करतो. कपाटाच्या आत तेल लावू नका, बंद जागेत त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही आणि कपड्यांना लागतो. आत लाख लावा, नाहीतर काहीच लावू नका. जवसाच्या तेलात भिजलेले कापडाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

सगळं उभं राहिल्यावर काहीतरी डुगडुगणार, ते गृहीत धरा. पण पाय कापायला घेण्याआधी वस्तू दोन-तीन ठिकाणी ठेवून बघा. इथं अंगण खरोखरच वाकडं असू शकतं. पाय लांब असेल तर बाकी तिघांखाली पाचरी सारून टेबल समपातळीत आणा, त्या लांब पायावर जमिनीपासून पाचरींच्या उंचीवर रेघ मारा आणि तेवढंच कापा. एकदा हा, एकदा तो असं करत बसलात तर टेबल बुटकं होत जातं.

पलंगाचे बोल्ट पहिल्या वर्षात लाकूड आकसल्यावर सैल होतील आणि पलंग कुरकुरायला लागेल. तेव्हा एकदा आवळायचे. त्यासाठीचा पाना आजच गादीखालच्या एखाद्या पट्टीला दोरीनं बांधून टाका, रात्री दोन वाजता तो शोधायला उठावं लागणार नाही.